संकल्प आणि अधिष्ठान

दर वर्षी अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि गावोगावच्या विहारांत आपले हजारो बंधुभगिनी बावीस प्रतिज्ञांचा उच्चार करतात. त्या वेळी आवाज खणखणीत असतो. मने भरून आलेली असतात. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. त्या क्षणी कोणीही खोटे बोलत नसतो. परंतु घरी परतल्यावर दिवाळी येते, हाती पैसा पडतो, जुने सोबती भेटतात. नातेवाईक वडिलांच्या वर्षश्राद्धाचा आग्रह धरतात. मग कोणाची सतरावी प्रतिज्ञा मोडते, तर कोणाची सहावी. असा मनुष्य एक तर स्वतःला दुबळा समजून विहारात येण्याचे सोडतो, किंवा प्रतिज्ञा ही समारंभात म्हणावयाची गोष्ट आहे असे धरून चालतो. दोन्ही प्रकारांनी धम्माची हानीच होते.

अलीकडे आणखी एक प्रश्न धम्मवर्गात विचारला जातो. आपली मुले-मुली शहरांतील योगवर्गांना जाऊ लागली आहेत. तेथे त्यांना 'संकल्प' शिकवितात. डोळे मिटून, अंतःकरणापासून एक वाक्य मनाशी म्हणावे, ते रोज म्हणत जावे, म्हणजे आयुष्य पालटते, असे त्यांना सांगितले जाते. मुले विचारतात, "हे आपल्याला चालते काय? आपल्या प्रतिज्ञा आणि हा संकल्प एकच काय?" मुले प्रामाणिकपणे विचारतात, तेव्हा त्यांना गप्प बसविणे हे बुद्धाच्या अनुयायांना शोभत नाही. म्हणून या पाठात आपण एकच गोष्ट समजून घेऊ. मनातला निश्चय आणि आयुष्यातला बदल यांच्यामध्ये जे अंतर असते, ते कशाने भरून निघते?

चार शब्द, चार अर्थ

प्रथम शब्द नीट वेगळे करू. आपल्या समाजात निश्चयाचे चार प्रकार एकमेकांत मिसळलेले आढळतात.

पहिला नवस. "माझे अमुक काम होऊ दे, मी तुला तमुक देईन," असा हा देवाशी केलेला सौदा असतो. यात काम करण्याची जबाबदारी देवावर असते आणि माणसाकडे फक्त फेड उरते. आपल्या आयाबहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या नवस केले, कोंबडी-बकरी वाहिली, उपास काढले, कर्ज काढून जत्रा केल्या. गावकुसाबाहेरची वस्ती गावकुसाबाहेरच राहिली.

दुसरा पूजेतील संकल्प. पूजेच्या आरंभी यजमान हातात पाणी घेतो. पुरोहित काळ, स्थळ, गोत्र आणि नाव यांचा संस्कृतात उच्चार करतो आणि अमुक फळासाठी अमुक कर्म करीत आहे असे यजमानाकडून वदवितो. पाणी ताम्हनात सोडले की संकल्प झाला. बोलणारा एक आणि फळ घेणारा दुसरा. पुष्कळदा यजमानाला आपण काय ठरविले याचा अर्थही कळलेला नसतो. निश्चयासारखी अत्यंत खाजगी गोष्टही दुसऱ्याच्या जिभेने करण्याची ही पद्धत आहे, आणि गोत्र विचारले जात असल्यामुळे ती जातीपासून सुटलेली नाही.

तिसरा योगवर्गातील संकल्प आणि चौथा धम्मातील अधिष्ठान. या दोहोंचा विचार आता सविस्तर करू.

योगातील संकल्प

संकल्पाचा आज जो प्रकार देशात आणि परदेशांत शिकविला जातो, तो मुख्यतः बिहारमधील मुंगेर येथील स्वामी सत्यानंद सरस्वती (१९२३-२००९) यांनी मांडलेल्या योगनिद्रेतून आलेला आहे. त्यांचे योगनिद्रेवरील पुस्तक १९७६ साली प्रसिद्ध झाले. अंगन्यास नावाच्या जुन्या तांत्रिक विधीत मंत्र म्हणत शरीराच्या निरनिराळ्या भागांना स्पर्श करतात. तो विधी मंत्राशिवाय, सर्वांना करता येईल अशा रूपात आपण आणला, असे त्यांनी सांगितले आहे.

पद्धत साधी आहे. मनुष्य उताणा, शवासनात पडतो. अंग सैल सोडतो, पण झोपत नाही. आरंभी आपला संकल्प तीन वेळा मनात म्हणतो. नंतर शरीराच्या एकेका भागावरून लक्ष फिरवितो, श्वासाकडे पाहतो, जडपणा-हलकेपणा, थंडी-उष्णता अशा विरुद्ध संवेदना आठवितो, काही चित्रे डोळ्यांसमोर आणतो, आणि शेवटी तोच संकल्प पुन्हा तीन वेळा म्हणतो. संकल्पाचे वाक्य लहान आणि स्पष्ट असावे, एकच असावे, त्यातील शब्द रोज बदलू नयेत आणि ते केवळ बुद्धीने न म्हणता हृदयापासून म्हणावे, असे नियम आहेत. मशागत केलेल्या जमिनीत बी टाकावे, तसे शांत झालेल्या मनात हे वाक्य रुजते, असा यामागचा विचार आहे.

यात खरे काय आहे हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. निश्चय थोडक्यात आणि स्पष्ट शब्दांत असावा, हे खरे आहे. घाईगर्दीच्या मनापेक्षा शांत मनात केलेला निश्चय अधिक टिकतो, हेही खरे आहे. आणि ज्याचा विचार आपण वारंवार करतो तिकडे मन कलते, ही गोष्ट तर स्वतः भगवान बुद्धांनी मज्झिम निकायातील द्वेधावितक्क सुत्तात सांगितली आहे. बोधी मिळण्यापूर्वी आपण आपल्या विचारांचे दोन ढीग केले, असे ते तेथे सांगतात. एका बाजूला कामवासना, द्वेष आणि हिंसा यांचे विचार. दुसऱ्या बाजूला त्याग, अद्वेष आणि अहिंसा यांचे विचार. ज्या ढिगाकडे मन पुन्हा पुन्हा जाते, तसा मनाचा कल होतो.

मग उणे कोठे आहे? ते समजण्यासाठी तथागतांनी दिलेली एक कसोटी पाहू.

वाळूतून तेल निघत नाही

मज्झिम निकायात भूमिज सुत्त नावाचे एक सुत्त आहे. भूमिज नावाच्या भिक्खूला जयसेन राजपुत्राने विचारले, की काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, मनात इच्छा धरून ब्रह्मचर्य पाळले तरी फळ मिळत नाही आणि न धरता पाळले तरी मिळत नाही. तुमच्या शास्त्याचे यावर काय म्हणणे आहे? भूमिजाने उत्तर दिले की, इच्छा धरली की नाही याला महत्त्व नाही, रीत योग्य आहे की नाही याला महत्त्व आहे. पुढे राजगृहाच्या वेळुवनात त्याने हा संवाद भगवंतांना सांगितला, तेव्हा त्यांनी तो बरोबर ठरवून चार दृष्टांत दिले.

एखाद्याला तेल पाहिजे. त्याने द्रोणीत वाळू भरली, तिच्यावर पाणी शिंपडले आणि तो ती दाबू लागला. त्याने मनात तेलाची कितीही इच्छा धरली तरी तेल निघणार नाही. दुसऱ्याला दूध पाहिजे आणि तो व्यालेल्या गाईचे शिंग पिळतो. तिसऱ्याला लोणी पाहिजे आणि तो पाणी घुसळतो. चौथ्याला विस्तव पाहिजे आणि तो ओले लाकूड घासतो. यांच्यापैकी कोणाचीही इच्छा खोटी नाही. रीत खोटी आहे. उलट तीळ दाबले, गाईची कास पिळली, दही घुसळले, कोरडे लाकूड घासले, तर मनात इच्छा धरली काय आणि न धरली काय, फळ हे येतेच. येथे योग्य रीत म्हणजे भगवंतांनी आर्य अष्टांगिक मार्गच सांगितला आहे.

संयुत्त निकायात असाच एक दृष्टांत कोंबडीचा आहे. कोंबडीने आठ, दहा किंवा बारा अंडी घातली, पण ती नीट उबविली नाहीत, तर पिले सुखरूप बाहेर पडोत अशी तिने कितीही इच्छा केली तरी पिले बाहेर पडत नाहीत. आणि ती जर नीट बसली, ऊब दिली, तर तिच्या मनात तशी इच्छा आली नाही तरी पिले कवच फोडून बाहेर येतात. आपल्यापैकी ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या त्यांना हा दृष्टांत समजावून सांगण्याची गरज नाही.

योगातील संकल्पाची उणीव येथे दिसते. मनात वाक्य रुजले की पुढचे आपोआप घडते, असे जेव्हा शिकविले जाते, तेव्हा सारा भार इच्छेवर पडतो. उबविण्याचे काम मागे राहते. आणि वाक्य म्हणूनही बदल झाला नाही, तर माणूस स्वतःलाच दोष देतो, की माझ्या मनात खोट असेल, माझी श्रद्धा कमी पडली असेल. वस्तुतः त्याची श्रद्धा कमी पडलेली नसते. तो वाळू दाबीत असतो.

काय इच्छावे याचाही विचार हवा

दुसरी गोष्ट. संकल्प दृढ असला म्हणजे चांगला असतोच असे नाही. सूड घेणाऱ्याचा संकल्पही दृढ असतो. मुलीने जातीबाहेर लग्न केले म्हणून तिच्या जिवावर उठणाऱ्या बापाचा निश्चय काही कच्चा नसतो. म्हणून भगवंतांनी नुसता संकल्प सांगितला नाही, सम्यक संकल्प सांगितला. अष्टांगिक मार्गाचे ते दुसरे अंग आहे. पाली ग्रंथांत त्याचे तीन भाग आहेत: त्यागाचा संकल्प, अद्वेषाचा संकल्प आणि अहिंसेचा संकल्प. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सम्यक संकल्पाचा अर्थ सांगताना माणसाची ध्येये आणि महत्त्वाकांक्षा उदात्त असाव्यात, हीन असू नयेत, यावर भर दिला आहे.

आणि या दुसऱ्या अंगाच्या आधी पहिले अंग येते, ते म्हणजे सम्यक दृष्टी. आधी पाहणे, मग ठरविणे. दुःख कोठून येते हे पाहिल्याशिवाय केलेला संकल्प आंधळा असतो. आपल्या समाजाच्या दुःखाचे एक मोठे कारण मनुष्यामनुष्यांतील विषमता हे आहे. ज्याला मजुरी कमी मिळते, ज्याला भाड्याने घर नाकारले जाते, ज्याच्या मुलाला वसतिगृहात टोचून बोलले जाते, त्याला "मी शांत आहे, मी समाधानी आहे" एवढेच वाक्य रोज म्हणावयास सांगणे म्हणजे त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच मनात ढकलणे होय. मन शांत असावे, यात वाद नाही. परंतु बावीस प्रतिज्ञांतील दहावी प्रतिज्ञा समता स्थापन करण्यासाठी प्रयत्न करण्याची आहे. तो संकल्प एकट्याच्या शय्येवर पुरा होत नाही. त्याला विहार लागतो, शाळा लागते, संघटना लागते, कायदा लागतो.

बोधिवृक्षाखालील शिदोरी

आता अधिष्ठान या शब्दाकडे वळू. दहा पारमितांत अधिष्ठान ही एक पारमिता आहे. ध्येय गाठण्याचा दृढ निश्चय, असा तिचा अर्थ बाबासाहेबांनी दिला आहे. दहा पारमितांचे पालन करण्याची प्रतिज्ञा ही बावीस प्रतिज्ञांपैकी बारावी, म्हणजे अधिष्ठान ही आपण घेतलेल्या दीक्षेचाच भाग आहे. शब्दाची फोड केली तर अधिष्ठान म्हणजे ज्याच्यावर ठामपणे उभे राहावयाचे ते स्थान. इगतपुरीच्या आणि इतर ठिकाणच्या विपश्यना शिबिरांत एक तास हातपाय न हलविता, डोळे न उघडता बसण्याला अधिष्ठान म्हणतात, ते याच अर्थाने.

अधिष्ठानाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे सिद्धार्थ गौतमाचे बोधिवृक्षाखाली बसणे. कातडी, शिरा आणि हाडे वाळून गेली तरी चालेल, पण बोधी मिळाल्याशिवाय आसन सोडणार नाही, असा त्यांचा निश्चय परंपरेत सांगितला आहे. हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. परंतु त्याच्या आधीची आणि बरोबरची गोष्ट आपण विसरतो.

आधीची गोष्ट अशी, की या निश्चयापूर्वी सिद्धार्थाने सहा वर्षे उग्र तपश्चर्या केली होती. अन्न इतके कमी केले की पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हाती लागावा. त्या सहा वर्षांत निश्चय काही कमी नव्हता. तरी फळ मिळाले नाही, कारण रीत चुकीची होती. हे ओळखून त्यांनी तपश्चर्या सोडली आणि सुजातेने दिलेले अन्न घेतले. बरोबरचे पाच परिव्राजक त्यांना भ्रष्ट समजून सोडून गेले. चुकीची रीत सोडण्याचे धैर्य, हाही अधिष्ठानाचाच भाग आहे.

बरोबरची गोष्ट बाबासाहेबांनी नेमकी टिपली आहे. ध्यानाला बसताना गौतमाने चाळीस दिवस पुरेल एवढे अन्न जवळ करून ठेवले होते, असे त्यांच्या ग्रंथात आहे. चार आठवड्यांच्या चिंतनानंतर बोधी प्राप्त झाली. ही शिदोरी फार बोलकी आहे. ज्याला खरोखर पोहोचावयाचे असते तो वाटेचा हिशोब करतो. निश्चय किती दिवसांचा आहे, त्याला काय लागेल, ते कोठून येईल, याची तजवीज करतो. नुसता भावनेचा भर असता तर चाळीस दिवसांचे अन्न कोणी कशाला गोळा केले असते?

एकवीस वर्षांचे अधिष्ठान

आपल्या काळातील उदाहरण तर आपल्या घरातलेच आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून आपण मरणार नाही. धम्मदीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये एकवीस वर्षे आणि एक दिवस गेला.

या एकवीस वर्षांत त्यांनी काय केले, हे पाहिले म्हणजे संकल्पाचे अधिष्ठान कसे होते ते कळते. मे १९३६ मध्ये मुंबईच्या परिषदेत त्यांनी धर्मांतराचा प्रश्न दोन्ही बाजूंनी, ऐहिक आणि आध्यात्मिक, लोकांपुढे मांडला, आणि निर्णय विचाराने घेण्यास सांगितले. निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास चालू ठेवला. १९४६ मध्ये मुंबईत कॉलेज काढले, त्याला सिद्धार्थाचे नाव दिले. १९४८ मध्ये प्रा. लक्ष्मी नरसू यांचा बौद्ध धम्मावरील ग्रंथ स्वतःची प्रस्तावना जोडून पुन्हा छापविला. १९५० मध्ये श्रीलंकेतील आणि १९५४ मध्ये ब्रह्मदेशातील बौद्ध परिषदांना जाऊन तेथील धम्माची स्थिती डोळ्यांनी पाहिली. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभेची स्थापना केली. दीक्षेनंतर लोकांनी रोज काय म्हणावे, काय करावे, यासाठी बौद्ध पूजापाठाची पुस्तिका तयार केली. प्रकृती ढासळत असताना 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहिला. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

येवल्याचे वाक्य त्यांनी एकदाच उच्चारले असते आणि पुढे रोज मनाशी घोकले असते, तर काय झाले असते? वाक्य त्यांच्यापाशी राहिले असते. त्यांनी त्या वाक्याला अभ्यासाची, संस्थांची, ग्रंथांची आणि माणसांची ऊब दिली. म्हणून नागपूरला भिक्खू चंद्रमणी महास्थविरांकडून स्वतः दीक्षा घेतल्यानंतर जेव्हा त्यांनी समोरच्या लाखो लोकांना त्रिसरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या, तेव्हा ते केवळ शब्द नव्हते. त्यांच्यामागे एकवीस वर्षे उभी होती. दीक्षेनंतर अवघ्या त्रेपन्न दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेब गेले. चळवळ थांबली नाही, याचे कारण शिदोरी त्यांनी आधीच बांधून ठेवली होती.

शिक्षापद म्हणजे शिकण्याचे पाऊल

आता आपल्या रोजच्या आचरणाकडे येऊ. पंचशील ग्रहण करताना आपण पालीत जे म्हणतो त्यात 'शिक्षापद' हा शब्द आहे. अमुक गोष्टीपासून अलिप्त राहण्याचे शिक्षापद मी ग्रहण करतो, असे आपण म्हणतो. ही ईश्वरापुढे घेतलेली शपथ नव्हे. मोडली तर शिक्षा देणारा कोणी वर बसलेला नाही. हा शिकण्याचा नियम आहे, आणि शिकणारा चुकतो म्हणूनच तो रोज वंदनेत पुन्हा ग्रहण करावयाचा असतो.

एक उदाहरण घेऊ. असा एक उपासक कल्पा, की ज्याने दारू सोडण्याची प्रतिज्ञा घेतली आहे. तो बांधकामावर जातो. दर शनिवारी आठवड्याची मजुरी हाती पडते. वाटेत नाक्यावर सोबती उभे असतात. चार शनिवार त्याने टाळले, पाचव्या शनिवारी तो प्याला. सोमवारी तो म्हणतो, "माझा निश्चयच कच्चा."

धम्मवर्गाने त्याला काय सांगावे? प्रथम, ज्या जागी निश्चय मोडतो ती जागा ओळख. ती जागा मन नाही, शनिवारचा नाका आहे. म्हणून निश्चय असा कर: शनिवारी काम सुटले की मी दुसऱ्या रस्त्याने जाईन, मजुरी आधी घरी कारभारणीच्या हाती देईन, आणि संध्याकाळी विहारात येईन. सोबत्याने हाक मारली तर काय उत्तर द्यायचे तेही आजच ठरव. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात हेच मांडले आहे. नुसता निश्चय एक, आणि 'अमुक प्रसंग आला तर मी अमुक करीन' असा आधी केलेला बेत दुसरा. २००६ साली त्यांनी पास्कल शीरन यांच्यासह अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा बेत करणाऱ्यांच्या हातून ठरविलेली गोष्ट पार पडण्याचे प्रमाण चांगलेच वाढलेले आढळले. वाळू आणि तीळ यांतला फरक आता प्रयोगानेही दिसला, एवढाच त्याचा अर्थ.

द्वेधावितक्क सुत्तात गुराख्याचा दृष्टांत आहे. पावसाळ्याच्या शेवटी शेते पिकाने भरलेली असतात, तेव्हा गुराख्याला हातात काठी घेऊन गुरे आवरावी लागतात. पिके निघून गेली की तो झाडाखाली बसून नुसते लक्ष ठेवतो. आपल्या उपासकाचे पहिले महिने उभ्या पिकाचे आहेत. त्या दिवसांत काठी लागेलच, त्यात लाज नाही. नेहमीच असे राहावयाचे नसते.

येथे एक सावधगिरी सांगणे कर्तव्य आहे. जो मनुष्य वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने एकाएकी दारू बंद केली तर थरकाप, भ्रम, फिट असे प्रकार होऊ शकतात आणि जिवावरही बेतू शकते. अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्यावे. हा निश्चयाचा कमकुवतपणा नव्हे, शरीराचा आजार आहे. औषध घेणे हाही योग्य रीतीचाच भाग होय.

रोजची तपासणी

निश्चय टिकविण्यासाठी तथागतांनी राहुलाला दिलेली पद्धत प्रत्येक घरात चालू करण्यासारखी आहे. आरसा पाहण्यासाठी असतो, तसे कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर, तिन्ही वेळा पाहावे, असे अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात सांगितले आहे. या कर्माने मला किंवा दुसऱ्याला पीडा होईल काय? होत आहे काय? झाली काय? चूक झाली असेल तर ती शास्त्यापाशी किंवा जाणत्या सहचाऱ्यापाशी उघड करावी आणि पुढे संयम ठेवावा. यात आक्रोश नाही, प्रायश्चित्ताची दक्षिणा नाही, लपवाछपवी नाही.

उघड करावयाचे म्हटले की माणूस लागतो. म्हणून संघ लागतो. पाच-सहा उपासक-उपासिकांनी दर पौर्णिमेला विहारात एकत्र बसावे. ज्यांना जमेल त्यांनी त्या दिवशी अष्टशील घ्यावे. मागील महिन्यात कोणते शील पाळता आले, कोणते निसटले, हे प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगावे. ऐकणाऱ्यांनी उपदेशाचा मारा करू नये. "पुढच्या शनिवारी मी तुझ्याबरोबर येतो," एवढे एक वाक्य दहा व्याख्यानांपेक्षा अधिक काम करते.

बदल दिसत नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. कोंबडीच्याच सुत्तात सुताराच्या वाकसाचा दृष्टांत आहे. वाकसाच्या दांड्यावर बोटांच्या खुणा पडलेल्या दिसतात. आज किती झिजला आणि काल किती, हे सुताराला सांगता येत नाही. झिजला एवढे मात्र नक्की दिसते. शील असेच रोजच्या वापराने अंगी बसते.

मुलांना काय उत्तर द्यावे

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. योगवर्गात जाऊन अंग सैल सोडणे, श्वासाकडे पाहणे, शांत मनाने एखादा चांगला निश्चय स्मरणे, यात धम्माला बाधा नाही. शरीरस्वास्थ्यासाठी कोणी आसने करीत असेल तर जरूर करावीत. परंतु जेथे संकल्पाबरोबर देवदेवतांचे पूजन, गुरूची पूजा किंवा मंत्रविधी जोडला जातो, तेथे बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने नम्रपणे थांबावे. आणि आपल्या निश्चयाला नेहमी तीन प्रश्न विचारावेत. मी जे इच्छितो ते सम्यक आहे काय? त्यासाठी माझ्यापाशी रीत आणि शिदोरी आहे काय? आणि या वाटेवर माझ्याबरोबर कोण आहे? तिन्ही उत्तरे मिळाली तर संकल्पाचे अधिष्ठान झाले. न मिळाली तर तो कितीही हृदयापासून म्हटला तरी ओल्या लाकडाचे घासणेच आहे.

येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपण पुन्हा बावीस प्रतिज्ञा म्हणू. या वेळी घरी परतल्यावर त्यांतली एक निवडावी. जी सर्वांत कठीण वाटते तीच. ती वहीत लिहावी. तिच्याखाली ती कोठे मोडते ती जागा लिहावी, मोडू नये म्हणून काय करणार ते लिहावे, आणि ज्याला सांगणार त्या धम्मबंधूचे किंवा धम्मभगिनीचे नाव लिहावे. एवढी चार ओळींची शिदोरी बांधून जो निघेल, तो पुढच्या वर्षी त्याच मैदानावर वेगळा माणूस म्हणून उभा राहील. जय भीम.

धम्मवर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. नवस, पूजेतील संकल्प आणि अधिष्ठान यांत कार्याची जबाबदारी कोणावर असते?

२. भूमिज सुत्तातील चार दृष्टांत सांगून आपल्या वस्तीतील एकेक उदाहरण द्या.

३. सिद्धार्थाने तपश्चर्या सोडली, तेव्हा त्याचा निश्चय मोडला असे म्हणता येईल काय? कारणे द्या.

४. येवले ते नागपूर या काळातील बाबासाहेबांच्या कार्यातून 'शिदोरी'ची कोणती उदाहरणे मिळतात?

५. आपल्या विहारात पौर्णिमेची बैठक चालू करण्यासाठी काय काय लागेल, याची यादी करा.